बॉस ट्वीडला पाडलं ते चित्रांनी की हिशेबाच्या वह्यांनी?

"एका व्यंगचित्रकाराने एकट्याने, नुसत्या कुंचल्याने न्यूयॉर्कमधली चोरांची सत्ता उलथवली." एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्ट आणि न्यूयॉर्कचा भ्रष्ट राजकीय पुढारी बॉस ट्वीड यांची ही गोष्ट व्यंगचित्राचा विषय निघाला की हमखास फॉरवर्ड होते. नास्ट मलाही आवडतो, पण गोष्ट अशी नाही.

'कुंचल्याने' हे किरकोळ आहे. तो लाकडी ठोकळ्यावर पेन्सिलीने उलटं चित्र काढायचा, कोरणारे कारागीर वेगळे.

'एकट्याने' मात्र सोडवत नाही. १८७० मध्येही 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात त्याची चित्रं टॅमनी हॉलवर, म्हणजे ट्वीडच्या डेमोक्रॅट संघटनेवर, तुटून पडत होती, तरी त्याच वर्षी टॅमनीचे महापौर ओकी हॉल पुन्हा निवडून आले. फरक पडला जुलै १८७१ मध्ये. माजी शेरीफ जिमी ओब्रायनने दिलेल्या हिशेबाच्या नकला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापल्या. चेंबर्स स्ट्रीटवरच्या न्यायालयाच्या इमारतीत गिलावा करणाऱ्या अँड्र्यू गार्वीचं दोन दिवसांचं बिल होतं १,३३,१८७ डॉलर. अकरा थर्मामीटरचे ७,५००! मग डेमोक्रॅट पुढारी सॅम्युएल टिल्डनने ब्रॉडवे बँकेच्या नोंदी जुळवून त्यातला पैसा ट्वीडच्या खात्यात गेल्याचं दाखवलं. 'लोकांचा पैसा कोणी चोरला?' हे गाजलेलं चित्र १९ ऑगस्टचं. गोल करून उभा असलेला ट्वीडच्या टोळीतला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय, आणि पुढ्यात ट्वीडचं अवाढव्य पोट. चित्र लाजवाबच, पण ते आलं वह्या उघड्या पडल्यावर चार आठवड्यांनी.

"माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण ती मेली चित्रं दिसतात ना," हे ट्वीडच्या तोंडचं वाक्य दर ठिकाणी वेगळ्या शब्दांत भेटतं. आणि 'हार्पर्स'चा वाचक होता बराचसा प्रोटेस्टंट, रिपब्लिकन मध्यमवर्ग. ट्वीडचा मतदार आयरिश मजूर. नोव्हेंबर १८७१ मध्ये टॅमनीने सपाटून मार खाल्ला, पण ट्वीड स्वतः राज्याच्या सिनेटवर निवडून आला. म्हणजे ज्यांचे डोळे चित्रांनी उघडले म्हणतात, त्यांनीच त्याला मत दिलं.

नास्ट निःपक्षपाती लढवय्या होता, हेही अर्धवट. सप्टेंबर १८७१ मधल्या 'अमेरिकन रिव्हर गँजेस' या चित्रात कॅथलिक बिशप मगरी होऊन शाळकरी मुलांवर चालून येतात. हिंदू आया मुलं गंगेत मगरींपुढे टाकतात, ही मिशनऱ्यांची कथा त्याने तिकडे वापरली. आयरिश माणूस तर त्याच्याकडे बहुधा माकडतोंडाच.

एक दावा मात्र जवळपास खरा आहे: चित्रामुळे ट्वीड पकडला गेला. फक्त तोवर त्याची सत्ता जाऊन बराच काळ लोटला होता. नोव्हेंबर १८७३ मध्येच २०४ आरोपांत तो दोषी ठरला होता. डिसेंबर १८७५ मध्ये तो कैदेतून निसटला, क्युबामार्गे स्पेनला गेला आणि १८७६ मध्ये विगो बंदरात सापडला. ओळख पटवायला नास्टचंच चित्र होतं. त्यात ट्वीडने दोन पोरांना धरलंय. स्पॅनिश अधिकाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे हा मुलं पळवणारा आहे असं ते समजले, असं सांगतात.