‘लग्नात गाणी लावणारा पोऱ्या’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

कमेंट उडवली नाही. उडवली असती तर म्हणाला असतात, बघा, टीका सहन होत नाही. म्हणून जशीच्या तशी ठेवलीय, आणि ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या मागच्या पोस्टचा विषय असा होता की आपल्याकडे कोकणात डीजेचं काम सुरू करणाऱ्या पोरांनी विनाइल टर्नटेबलच्या (म्हणजे रेकॉर्डी वाजवायच्या प्लेअरच्या) नादी लागू नये, लॅपटॉप, साधा कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायचं बटणं-चाकांचं यंत्र) आणि एखादं बरं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कामाला लागावं. त्यावर या साहेबांचे (‘मूळचा मालवणचा, सध्या ठाण्यात’ एवढी ओळख त्यांनीच दिलीय) चार आक्षेप आहेत. सिंक बटण (सॉफ्टवेअरमधलं, दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारं) दाबणारा हा डीजे नसतो, तो लग्नात गाणी लावणारा पोऱ्या असतो. विनाइलच्या आवाजाची मजा डिजिटलला नाही. लॅपटॉप हँग झाला की खेळ खल्लास. आणि सुरुवातच सॉफ्टवेअरवर केली तर कान कधी तयार होत नाही. शिवाय शेवटी, ‘३३ आणि ३३⅓ मधला फरक ज्याला माहीत नाही त्याने या विषयावर लिहू नये.’

शेवटच्यापासून सुरू करतो. रेकॉर्ड मिनिटाला किती फेरे घेते तिथे मी ३३ लिहिलं होतं, ३३⅓ पाहिजे होतं. बदललंय. धन्यवाद. बोलताना सगळे तेहतीसच म्हणतात, पण लिहिताना पूर्ण लिहावं, हे मान्य.

आता ‘पोऱ्या’.

साहेब, माझ्या मामाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, कुडाळच्या आजूबाजूच्या गावांत. लग्न, मुंज, सत्यनारायण, जत्रा, कुठेही. माडाला कर्णे बांधायचे, खाली टेबलावर अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर, आणि पत्र्याच्या ट्रंकेत रेकॉर्डी. त्या ट्रंकेवर बसून मी लहानाचा मोठा झालोय. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरायची, श्रावणात त्या बाहेर काढून मऊ फडक्याने पुसायचं काम माझं, आणि पुसायचं ते खाचेच्या दिशेने, आडवं नाही, हे मामाने टपली मारून शिकवलंय. उन्हात टेम्पोच्या डॅशबोर्डवर राहिलेली रेकॉर्ड कशी वाकते आणि मग सुई त्यावर कशी वरखाली होते ते मी शाळेत असताना बघितलंय. तेव्हा ‘कळत नाही त्यावर लिहू नये’ हे वाक्य तुम्ही कुणाला लिहिताय हे जरा विचारायचं तरी. आणि हो, मामा लग्नात गाणीच लावायचे. पण दोन गाण्यांमध्ये वरमाईचं नाव कधी घ्यायचं, अक्षता पडल्यावर सनई कुठे सोडायची आणि पंगत बसली की आवाज किती खाली आणायचा, हे त्या माणसाला जेवढं कळायचं तेवढं आजच्या किती डीजेंना कळतं ते तुम्हीच सांगा.

बरं, तो मुद्दा भावनेचा झाला, म्हणाल विषय सोडून बोलतोय. मग विषयाचं बोलू. सिंक.

तुम्हाला वाटतंय सिंक दाबलं की दोन गाणी आपोआप मिळतात. कुठली गाणी? जी ड्रम मशीनवर बनलीत, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच लयीत आहेत, ती. हाउस, टेक्नो, हल्लीचे रिमिक्स. सिंक काही कानाने ऐकत नाही, तो सॉफ्टवेअरने आधी मोजून ठेवलेल्या बीटग्रिडवर (गाण्यात ठोके कुठे कुठे पडतात त्याच्या खुणांवर) चालतो. आता आमच्या हळदीला काय वाजतं? जुनं हिंदी फिल्मी गाणं, ज्यात सगळे वादक एकत्र बसून वाजवतायत, मुखड्याला एक लय आणि अंतऱ्याला ढोलकीवाला कणभर पुढे सरकलेला. त्यावर सरळ रेषेचा ग्रिड ठेवला तर पहिली ओळ बरोबर बसते आणि कडव्यापर्यंत टाळी एकीकडे, ठेका दुसरीकडे. आणि कोळीगीत? ती झुलती लय सहाच्या हिशोबाची, आणि सॉफ्टवेअर धरून चालतं की सगळं जग चारात मोजतं. पाय मिनिटाला ९२ ठोक्यांवर पडतायत आणि स्क्रीनवर आकडा दिसतोय १३८. दीडपट! त्यावर सिंक दाबा साहेब, मांडवातली बायकामाणसं नाचता नाचता थांबून तुमच्याकडे कशी बघतात ते बघा. म्हणून आम्ही काय करतो, घरी बसून हेडफोन लावून एकेका गाण्याचा ग्रिड हाताने बसवतो, जिथे सरकतो तिथे नवा मार्कर टाकतो, आणि तरीसुद्धा प्रत्यक्ष वाजवताना सिंक बंद ठेवून जॉग व्हीलला, म्हणजे कंट्रोलरवरच्या चाकाला, बोटाने ढकलत राहतो. बोटाने. तुमच्या टर्नटेबलवर प्लॅटरच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीच्या) कडेला बोट लावतात ना, तेच.

आणि हे सगळं कधी, तर पाहुणे जेवून येऊन रंगात येईपर्यंत नऊ वाजलेले असतात आणि दहाला बंद, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर वाजत नाही, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर. म्हणजे हातात तासभर. त्या तासाभरात नवऱ्याच्या आत्याला एक पाहिजे, पोरांना दुसरंच, आणि एकजण ‘आमच्या वाडीचा गाना लाव रे मेल्या’ म्हणून टेबलावर हात आपटतोय. या सगळ्यांना एका धाग्यात ओवून मांडव रिकामा होऊ द्यायचा नाही, याला तुम्ही ‘गाणी लावणं’ म्हणता. म्हणा बापडे.

पिचबद्दल, म्हणजे पट्टीबद्दलही बोलतो कारण ते तुमच्या कमेंटमध्ये नाही आणि असायला हवं होतं. टर्नटेबलवर वेग वाढवला की पट्टी चढते. प्लेअरचा वेग बदलायचा स्लायडर साधारण अधिक-उणे ८ टक्के, आणि जेमतेम ६ टक्क्यांत गाणं अर्धा स्वर वर जातं, काळी एकचं पांढरी दोन. क्लबमधल्या ट्रॅकला चालून जातं. ओळखीच्या गायिकेचा आवाज असला की लगेच बारीक, चिरका वाटतो, आणि लोकांना कारण कळत नाही पण काहीतरी बिनसलंय हे कळतं. सॉफ्टवेअरमध्ये कीलॉक लावला की वेग बदलतो आणि पट्टी जागेवर राहते. फार ताणलं तर आवाज फाटतो, पण हळदीपुरतं ताणायची गरज पडत नाही.

तुम्ही म्हणाल मी टर्नटेबलचा दुश्मन आहे. अजिबात नाही. एका बीचवरच्या हॉटेलात मुंबईहून आलेल्या पाहुण्या डीजेसाठी टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलची जोडी मीच उभी करून दिलीय. मशीन म्हणजे काय मशीन! एसएल-१२०० १९७२ ला आलं ते घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी, १९७९ चं एमके२ डीजेंच्या हातात पडलं आणि तिथेच राहिलं. पट्टा नाही, मोटर थेट प्लॅटरखाली, स्टार्ट दाबलं की ०.७ सेकंदात पूर्ण वेग. पण बाराएक किलोचं एक, अशी दोन. आणि सुई ही मुळात कंपनं उचलायलाच बनवलेली, तिला खाचेतलं कंपन कुठलं आणि सबवूफरचं कुठलं हे कळत नाही. फळ्यांच्या स्टेजवर ठेवून बास जरा वर नेला की हूंऽऽ करून सगळं घुमायला लागलं. शेवटी जवळच्या बांधकामावरून चार चिरे उचलून आणले, वर कडप्पा, कडप्प्याखाली जुन्या टायरट्यूबचे तुकडे, तेव्हा कुठे गप्प झालं. मग साऊंडवाल्याच्या मिक्सरला फोनो इनपुटच (रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा) नाही. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, साध्या लाइन इनपुटमध्ये थेट घातले तर आवाज बारीक आणि बास गायब, म्हणून फोनो प्रीअँपसाठी धावाधाव. आणि हॉटेलची अर्थिंग अशी की प्लेअरची अर्थची वायर जोडली तरी गुणगुण सुरूच. हे सगळं एका जागी उभं राहून. वरातीत मशीन चालत्या टेम्पोवर असतं आणि टेम्पो गावच्या रस्त्यावर, सुई खाचेत राहील का हो?

जाता जाता हिपहॉप विनाइलवर जन्माला आलं असंही म्हणालात. आलं. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, कूल हर्क नावाचा डीजे, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन मधला ठेक्याचा तुकडा लांबवत नेणं, सगळं माहितीय. पण त्याच्याकडे तेव्हा जे होतं ते त्याने वापरलं. आणि टर्नटेबल कायमचं असंही नाही, २०१० साली टेक्निक्सने १२०० बनवणं बंद केलं होतं (२०१६ ला परत आणलं, हेही माहितीय, त्यासाठी वेगळी कमेंट नको).

आणि विनाइल विरुद्ध सॉफ्टवेअर असं दोन पक्षांचं भांडण तरी कुठे राहिलंय? २००४ ला सेराटो स्क्रॅच लाइव्ह हे सॉफ्टवेअर आलं, खास रेकॉर्डीसकट. त्यातल्या रेकॉर्डवर गाणं नसतंच, एक किलोहर्ट्झचा सलग सूर असतो. हाताने रेकॉर्ड हळू केली की सूर खाली येतो, त्यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो, डाव्या-उजव्या चॅनलच्या फरकावरून दिशा कळते, आणि लॅपटॉपमधली फाइल त्याबरहुकूम पुढेमागे जाते. हात विनाइलवर, गाणं हार्डडिस्कवर. ते वाजवणाऱ्याला तुम्ही डीजे म्हणणार की पोऱ्या?

बाकीचे मुद्दे. विनाइलच्या आवाजाची मजा: वरातीत, जनरेटरच्या शेजारी? सोडा. लॅपटॉप हँग होतो: होतो कधीकधी, दुसरा ठेवायचा, पेनड्राइव्ह ठेवायचा, लाइट गेली तर तुमचंही टर्नटेबल थांबणारच आहे. कान तयार होण्याचा मुद्दा: त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

एक मात्र सांगतो, राग मानू नका, किंवा माना. चाकरमानी म्हणून गणपतीला चार दिवस यायचं, पडवीत बसून ‘तुमच्या गावात हे असं, आमच्याकडे ते तसं’ सांगायचं आणि परतीच्या गाडीत बसायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकून घेतोय, गप्प बसून घेतोय, पण ब्लॉग माझा आहे. तुमचा अभ्यास आहे हे तुमच्या कमेंटवरून दिसतं. मग ‘पोऱ्या’ न म्हणताही तो दाखवता आला असता. माझ्याकडे काम शिकणारी दोन पोरं ही पोस्ट वाचतात, त्यातल्या एकाने मला तुमच्या कमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली फक्त ‘दादा?’ एवढंच लिहिलं. म्हणून एवढं लांबलं, नाहीतर मी उत्तर दिलं नसतं.

यंदा लग्नसराईत येणार असाल तर या, एखाद्या हळदीला टेबलाच्या या बाजूला उभे राहा, कंट्रोलर तुमच्या ताब्यात देतो. आणि येताना तुमच्याकडे टेक्निक्सला बसणारं जास्तीचं कार्ट्रिज पडून असेल तर घेऊन या, माझ्या एका मशीनची सुई गेलीय आणि इथे मिळत नाही. पैसे देईन.