महाग गोळी आणि संशोधनाचा हिशेब

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. सरकार औषधांचे दर बांधून देते म्हणून भारतात नवे औषध निघत नाही, आणि रुग्ण जो जास्तीचा पैसा मोजतो तो शेवटी संशोधनालाच जातो, असे त्याचे म्हणणे. चिकलठाणा-वाळूजला औषधांचे कारखाने असलेल्या छत्रपती संभाजीनगरातही तो जाणत्या माणसांनी पुढे पाठवावा, याचे नवल वाटते.

आधी दरांचे पाहू. २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश कमाल किंमत बांधतो ती मुख्यतः अत्यावश्यक यादीतल्या औषधांची, आणि तीही उत्पादनखर्चावरून नव्हे. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या दरांची सरासरी काढून तिच्यावर किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के चढवले जातात. देशातच शोधलेल्या, पेटंट मिळालेल्या नव्या औषधाला याच आदेशाच्या ३२व्या परिच्छेदाने पाच वर्षांची सूट दिली होती, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती देशी संशोधनापुरती राहिली नाही. ज्याच्या नावाने गळा काढला जातो ते नवे औषध पहिली पाच वर्षे या आदेशाच्या कक्षेतच येत नाही.

जास्तीच्या पैशाचे म्हणाल, तर वडिलांच्या मेटफॉर्मिनच्या दोन स्ट्रिपा माझ्यासमोर आहेत, एक जनऔषधी केंद्रातली, दुसरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली. साल्ट तेच, ५०० मिलिग्रॅमही तेच, छापील किंमत मात्र वेगळी. हे औषध १९२२ साली तयार झाले आणि १९५७ पासून मधुमेहावर दिले जाते; त्याच्या संशोधनाचे कोणते देणे अजून फिटायचे आहे? मजकुरात एका औषधामागे २६० कोटी डॉलर लागतात असेही आहे. हा अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासाचा आकडा. फसलेल्या औषधांचा खर्च त्यात धरला आहे, आणि तो धरायलाच हवा. पण त्यातले सुमारे ११६ कोटी हे हातचे गेलेले पैसे नसून, गुंतून पडलेल्या भांडवलावर एरवी मिळाला असता त्या परताव्याचे गणित आहे.

‘नवे औषध निघतच नाही’ याचे उत्तर आमच्याच शहरात आहे. चिकलठाण्यात वोक्हार्टचे संशोधन केंद्र आहे, आणि न्यूमोनियावर दिवसाला एकदा, तीनच दिवस घ्यायचे नॅफिथ्रोमायसिन हे या कंपनीचे प्रतिजैविक नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यामागची चौदा वर्षे दरनियंत्रण चालूच होते. त्या कामावर सुमारे ५०० कोटी रुपये लागले आणि त्यात जैवतंत्रज्ञान उद्योगातल्या संशोधनाला मदत करणाऱ्या सरकारी ‘बायरॅक’ संस्थेचा वाटा ८ कोटींचा, म्हणजे खासगी पैशाशिवाय हे झाले नसते, हे मान्यच करावे लागेल. अमेरिकेत चित्र निराळे आहे: २०१० ते २०१६ दरम्यान मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांपैकी प्रत्येकामागच्या मूलभूत संशोधनात तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, म्हणजे करदात्यांचा, पैसा होता.

आपल्याकडे केंद्राने २०२३ मध्ये औषध व वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी ५,००० कोटींची योजना मंजूर केली. करदात्याच्या अशा पैशातून निघालेल्या गोळीचा दर कोण आणि कसा ठरवणार, हा प्रश्न त्या मजकुरात कुठेच नाही.