गाडी उभी करण्याची कला

जुन्या मोटारींच्या महोत्सवात आपल्या क्लबला जागा मिळाली आणि तुमची गाडी रांगेत लागणार, याबद्दल अभिनंदन. आता एक गोष्ट मनावर ठसवून घ्या: ही गाडी चालते, असा संशयसुद्धा कुणाला येता कामा नये. चालणाऱ्या गाड्या बाहेर पार्किंगमध्ये शेकड्यांनी उभ्या असतात. त्या बघायला कुणी तिकीट काढत नाही.

म्हणून ट्रेलरवरूनच या. जो सदस्य पहाटे उठून स्वतः गाडी हाकत येतो, त्याच्या रेडिएटरच्या जाळीत चिलटं मरून पडलेली असतात आणि मडगार्डच्या आत चिखल. परीक्षक येईपर्यंत बिचारा टूथब्रशने चिलटं उकरत बसतो. त्याच्याकडे सहानुभूतीने बघा. ब्रश मात्र उसना देऊ नका.

मग चाकं. चारही चाकांवरची कंपनीची चिन्हं सरळ उभी हवीत. गाडी चार बोटं पुढे ढकला, दोन बोटं मागे घ्या. एक सरळ झालं की दुसरं तिरकं होणारच. शेवटी जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवायचं. हसू नका, यात अख्खी सकाळ जाते, आणि उरलेली सकाळ फडक्याने बोटांचे ठसे पुसण्यात.

बॉनेट उघडं ठेवा, पण इंजिन सुरू करू नका. इंजिन तापतं, तापलं की तेल गळतं, आणि तेल गळलं की खाली दडवलेला पुठ्ठा लोकांना दिसतो. इंजिनावरचा नंबर कारखान्यातल्या नोंदीशी जुळत असेल तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगा, छत्तीस गुण जुळलेल्या मुलीच्या बापासारखं. जुळत नसेल तर रंगाबद्दल बोला.

रंगाचा वाद तर जपून ठेवण्याजोगा. शेजारच्या सदस्याने 1917 ची फोर्ड मॉडेल टी लाल रंगवून आणली असेल, तर तुमचा दिवस सार्थकी लागला. 1914 ते 1925 या काळात ती कारखान्यातून फक्त काळीच बाहेर पडत होती, हे त्याला सांगा. सगळ्यांसमोर सांगा. 1908 साली ती आली तेव्हा इतर रंगांत मिळत होती, हे सांगायची काही गरज नाही.

परीक्षकांचा मान राखा. ते पाठीवर झोपून गाडीखाली शिरतात आणि पाइपच्या क्लिपचा स्क्रू चुकीच्या जातीचा निघाला की गुण कापतात. त्यांच्या तावडीतून कोण सुटलं असतं? 1888 साली बेर्टा बेंझ, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको, नवऱ्याला न सांगता त्याच्याच मोटारीतून दोन मुलांना घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरची वाट. इंधनाची नळी तुंबली, तिने हॅटपिनने मोकळी केली. ब्रेक झिजले, चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं, औषधाच्या दुकानातून भरून घेतलं. मोटार म्हणजे नेमकी काय वस्तू, हे जगाला त्या दिवशी कळलं म्हणतात. पण ती आज आपल्या मैदानावर आली असती तर? ब्रेकवर कारखान्याबाहेरचं चामडं: गुण वजा. नळीत हॅटपिनचा ओरखडा: वजा. चाकांना धूळ. बाईंना पहिल्या दहांतही जागा नव्हती.

(आणि 1950 साली अमेरिकेत पेबल बीचला मोटारींचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा सर्वोत्तम ठरली ती त्याच वर्षीची गाडी, ही माहिती क्लबच्या बैठकीत काढू नका. उगाच ज्येष्ठांचा रक्तदाब वाढतो.)

बघायला आलेल्यांपैकी दर तिसरा माणूस म्हणेल, ‘आमच्या आजोबांकडे सेम हीच होती.’ नव्हती. आजोबांकडे दुसऱ्याच कंपनीची, दुप्पट लांबीची गाडी होती. तरी मान डोलवा. तो दारावर कोपर टेकून आठवणी सांगू लागला, तर त्याच्या पट्ट्याचं बक्कल पत्र्यापासून किती लांब आहे एवढंच बघा, आजोबांचं नंतर. एखादं पोर स्टीअरिंगकडे हात नेऊन विचारेल, ‘हॉर्न वाजतो?’ पाटीकडे बोट दाखवा. पाटीवर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हीच ती लॅमिनेट करून आणलीत.

बसायला घडीची खुर्ची आणा आणि ती गाडीच्या मागे मांडा. सगळे सदस्य तशीच मांडतात. इतक्या वर्षांचा जीव, पैसा आणि संसारातली शांतता जिच्यापायी घातली, तिची फक्त डिकी बघत दिवस काढायचा.

संध्याकाळी घोटाळा होतो. कुणीतरी इंजिन सुरू करतं, मग दुसरा, मग अख्खी रांग. निळा धूर, फटफटाट, आणि दिवसभर जांभया देणारी माणसं धावत येऊन कठड्याला चिकटतात. मघाचं ते पोर सगळ्यात पुढे. या मोहात पडू नका. तुम्ही गाडी मुकाट्याने ट्रेलरवर चढवा. चढवताना मीटरचा शेवटचा आकडा किंचित सरकला तर मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी ढकलत चढवा.