ऊन फुकट, फोटॉन मोजून

गोव्यात विज्ञानशिक्षणाचा वाद निघाला की तो जमिनीपाशीच अडतो. आयआयटीसाठी आधी लोलये, मग सत्तरीतलं शेळ-मेळावली. तिथला प्रकल्प जानेवारी २०२१ मध्ये आंदोलनानंतर मागे घ्यावा लागला. जमिनीचा प्रश्न खराच आहे, मेळावलीकरांचं दुखणंही खरं होतं. पण त्या भिंतींच्या आत काय चालावं, यावर कोण भांडतो? प्रकाशरसायनाचा, म्हणजे प्रकाशाने घडणाऱ्या अभिक्रियांचा, विषय निघालाच, तर उत्तर ठरलेलं: आपल्याकडे ऊन भरपूर आहे की!

इथे जर्मनीत डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. तरी प्रकाश-उत्प्रेरणाचं, म्हणजे प्रकाश शोषून अभिक्रिया घडवणाऱ्या उत्प्रेरकांचं, काम बारमाही चालतं, कारण ते उन्हाच्या भरवशावर नसतंच. इटालियन रसायनशास्त्रज्ञ चामिचान यांनी बोलोन्यात उन्हात प्रयोग केले आणि १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात उन्हावर चालणाऱ्या उद्योगांचं चित्र रंगवलं. पण आजचा प्रयोग उद्या दुसऱ्याच्या हातूनही तसाच यायला हवा, आणि ऊन तर ढगागणिक बदलतं. आगरवाड्याच्या मिठागराला ते चालतं, क्वांटम यील्डला, म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे (प्रकाशकणामागे) किती रेणू बदलले या हिशेबाला, नाही.

म्हणून निळा एलईडी, ४५० नॅनोमीटरचा. रुथेनियम-बायपिरिडीन या नेहमीच्या प्रकाश-उत्प्रेरकाचं शोषण ४५२ च्या आसपास सर्वाधिक, म्हणजे जोडी जमते. पुढची फसगत उष्णतेची. पंखा नसेल तर कुपीतलं द्रावण सहज ४०-५० अंशांवर जातं आणि उष्णतेने झालेली अभिक्रिया प्रकाशाच्या खात्यावर जमा होते. तापमापी कुपीत बुडवा, टेबलावर ठेवून उपयोग नाही. तसाच एक प्रयोग अंधारात, त्याच तापमानाला, करायलाच हवा. मग ऑक्सिजन. हवेशी समतोल असलेल्या अॅसिटोनायट्राइल या द्रावकात तो साधारण २ मिलिमोलर असतो, म्हणजे पुष्कळदा उत्प्रेरकापेक्षा जास्त. प्रकाश शोषून उत्तेजित झालेल्या रुथेनियमला तो विझवतो. त्याला घालवायला आरगॉनचे बुडबुडे पंधरा मिनिटं, नाहीतर गोठवा-उपसा-वितळवा असे तीन फेरे.

दिव्याच्या खोक्यावरचे वॅट म्हणजे कुपीत पोचलेला प्रकाश नव्हे. तो मोजायला पोटॅशियम फेरिऑक्झलेट, ज्यातलं लोह प्रकाशाने बदलतं: ०.१५ मोलर, सौम्य सल्फ्युरिक आम्लात, लाल दिव्याखाली बनवायचं. २ मिलिलिटर द्रावणावर दीड मिनिट प्रकाश टाका, बदललेल्या लोहाला रंग देणारं, बफरमधलं फिनँथ्रोलिन घाला, तासभर अंधारात ठेवा आणि ५१० नॅनोमीटरला शोषण वाचा. अंधारात ठेवलेल्या नमुन्याचं शोषण वजा करायला विसरू नका. महागडं यंत्र लागत नाही, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. तरी शोधनिबंधांत पुष्कळदा नुसते दिव्याचे वॅट आणि कुपीपर्यंतचे सेंटिमीटरच छापलेले असतात, इथेसुद्धा.

सुप्रामोलेक्युलर भागात, म्हणजे एका रेणूच्या पोकळीत (यजमान) दुसरा रेणू (पाहुणा) बसवण्याच्या कामात, गोव्याची खरी अडचण आर्द्रतेची आहे. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे सात ग्लुकोजांचं कडं, रेणुभार ११३५. ही पांढरी भुकटी मुकाट पाणी धरून बसते. १० मिलिलिटरमध्ये १० मिलिमोलर हवं म्हणून ११३.५ मिलिग्रॅम तोललं आणि त्यात १२ टक्के पाणी असलं, तर हाती साधारण ८.८ मिलिमोलर येतं. यजमान-पाहुण्याचं प्रमाण तिथेच चुकलं. जूनमध्ये उघडलेली बाटली निर्वातात तापवून सुकवल्याशिवाय तोलू नये, निदान तिच्यातलं पाणी तरी मोजावं.

आणि एक खटकणारी गोष्ट. आठ ग्लुकोजांच्या गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये २-अँथ्रासीनकार्बोक्झिलिक आम्लाचे दोन रेणू बसतात, प्रकाशात जुळतात. अशा जुळलेल्या जोड्यांच्या, म्हणजे द्वयींच्या, शक्य चार प्रकारांपैकी कोणता जास्त मिळेल यावर पोकळीचा प्रभाव पडतो. सुंदर रसायन. पण यजमान पाहुण्यांच्या बरोबरीने घातला, तर त्याला उत्प्रेरक का म्हणायचं? उत्प्रेरक म्हणायचं तर थोड्या यजमानाने फेऱ्या कराव्या लागतात, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं: जुळलेला रेणू दोन सुट्या रेणूंपेक्षा घट्ट बसला तर पोकळी रिकामीच होत नाही. बीटाच्या बाबतीत सोपी तपासणी अशी: पोकळीत घट्ट बसणारं अॅडमँटेनकार्बोक्झिलेट घालून ती अडवा. वेग पार्श्वभूमीइतका, म्हणजे यजमानाशिवाय असतो तितका, उतरला तर काम आतच चाललं होतं.

यातल्या कशालाच शेकडो एकर लागत नाहीत. इथल्या विभागांत काच फुंकणारा कारागीर आणि यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ असतो. गोव्यात मागायचं तर आधी ही दोन पदं कायमची मागावीत, मग पावसाळ्यात कोरडं राहणारं एक कपाट आणि एक यूपीएस. त्यावर दिव्यासोबत पंखाही जोडावा. नुसता दिवा जोडला, तर वीज गेल्यावर तोच एकटा जळत राहील आणि कुपी तापेल.