"ती बोली हो, भाषा नाही"

आज लेकीला घेऊन परकीय भाषांच्या क्लासला गेलो होतो. काउंटरवरच्या गृहस्थांनी इटालियनची आरती सुरू केली. ग्लोबल लँग्वेज आणि काय काय. मी सहज विचारलं, फिलिपिन्सची इलोकानो शिकवता का? तर हसले. "काका, ती तिकडची बोली हो!"

काका म्हटल्याचा राग नाही. ते हसणं डोक्यात गेलं.

बोटीवर माझ्या हाताखाली एक ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा पोरगा होता, फिलिपिन्सच्या लाओआगचा. इटलीत जेनोआला बोट लागली की सिमकार्ड घालून एका दमात तीन फोन. आधी गावी आईला, मग हवाईतल्या मामाला, मग मिलानला घरकाम करणाऱ्या बहिणीला. तिन्हीकडे इलोकानोच. सांगा आता ग्लोबल कोण ते.

इटालियन कुठे बोलतात? इटली, सान मरिनो, व्हॅटिकन, स्वित्झर्लंडचं तिचिनो, स्लोव्हेनिया-क्रोएशियातल्या इस्त्रियाचा थोडा किनारा. अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियात गेलेली माणसं आहेत, मान्य. ऑपेरा आहे, तेही मान्य. पण १८६१ साली देश एक झाला तेव्हा निम्म्याहून जास्त इटली घरात लोम्बार्ड, नेपोलिटन, सिसिलियन बोलत होती. आज जिला इटालियन म्हणतात तिचं मूळ फ्लॉरेन्सच्या बोलीत. तिला कुणी हसत नाही, कारण तिच्यामागे सरकार उभं राहिलं.

इलोकानोला स्वतःचा देश नाही. फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला डोंगर आणि समुद्राच्या मधली चिंचोळी पट्टी, थेट आपल्या कोकणासारखी. जमीन पुरेना, माणसं बाहेर पडली. कागायानच्या खोऱ्यात गेली. वरच्या कोर्डिलेराच्या डोंगरात तर वेगवेगळ्या भाषांची माणसं एकमेकांशी इलोकानोत बोलतात. १९०६ च्या डिसेंबरात पंधरा जण हवाईत होनोलुलूला उतरले, उसाच्या मळ्यात राबायला. त्यांच्यामागून हजारो गेले. आज तिथल्या विद्यापीठात ही भाषा रीतसर शिकवतात. आणि आमचे काउंटरवाले हसतात!

तरी खरं सांगू? पहिले चार महिने मीच त्या पोराला "तुझी ती बोली" म्हणत होतो. एकदा इंजिन रूममध्ये हात पुसत शांतपणे म्हणाला, "सर, लँग्वेज." एवढंच. मालवणीला कुणी हसलं की भांडायला उठणारा मी, त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

जेनोआतला तो तिसरा फोन अजून आठवतो. बहिणीचा मुलगा पडद्यावर आला. आमच्या ऑइलरने विचारलं, "नांगान कान?" म्हणजे जेवलास का. पोरगं म्हणालं, "सी, त्सिओ." हो, मामा. कळलं सगळं, उत्तर मात्र इटालियनमध्ये. तो हसला. मग फोन खिशात टाकून बराच वेळ रेलिंगला टेकून उभा होता.

लेकीला डिझाइनच्या कोर्ससाठी इटालियनच हवी आहे. तिचं बरोबर आहे.

फी भरून आलो.