‘बायका लढल्याच कुठे?’ या प्रश्नाला उत्तर

युद्धकाळात सेवा केलेल्या स्त्रियांचे स्मारक कोकण किनाऱ्यावर व्हावे, असे कोणी म्हटले की एक संदेश हातोहात फिरू लागतो: बायका लढल्या नाहीत, त्यांनी शुश्रूषा आणि कारकुनी केली, आझाद हिंद सेनेतली झाशीची राणी ही स्त्रियांची पलटणही आघाडीवर लढली नाही, आहेत त्या स्मारकांत सगळे आलेच, आणि कोकणाचा याच्याशी संबंध काय?

लढण्याचा हा निकष आपण पुरुषांना कधीच लावलेला नाही. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. त्या काळी कोकणातल्या कित्येक घरांतली कर्ती माणसे बोटींवर होती आणि बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालणाऱ्या आगवाल्याने बंदूक हातात धरली नाही म्हणून त्याच्या मरणाला कोणी कमी लेखले नाही. मग १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मोंबासाहून कोलंबोला निघालेली ‘खेदिव्ह इस्माइल’ ही बोट जपानी पाणबुडीने बुडवली, तेव्हा तिच्यावर मेलेल्या ७७ स्त्रियांना, ज्यांत बहुसंख्य परिचारिका होत्या, वेगळा न्याय का?

‘आहेत त्या स्मारकांत सगळे आले’ हे तर वस्तुस्थितीला धरूनच नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावरची नावे स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची आहेत. त्याआधीच्या पुरुषांची आठवण त्यांच्या पलटणी ठेवतात, कारण मराठा किंवा महार पलटण आजही उभी आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेले महिला सहायक दल मात्र युद्धानंतर मोडले गेले. १९४४ मध्ये त्यातूनच निघालेली नौदलाची महिला शाखाही टिकली नाही. पुढे १९५० च्या सेना कायद्याने सरकारने अधिसूचित केलेले विभाग वगळता स्त्रियांना सैन्याचे दार बंद केले, आणि वैद्यकीय व परिचर्या सेवांबाहेर अधिकारी म्हणून त्यांची भरती १९९२ मध्ये सुरू झाली. नावे जपणारी पलटणच उरली नाही, म्हणून दगड लागतो.

आझाद हिंद सेनेची झाशीची राणी पलटण आघाडीवर लढली नाही, हा संदेशातला तपशील मात्र बरोबर आहे. पण १९४५ मध्ये रंगूनहून माघार घेताना त्याच तरुणींनी बँकॉकच्या वाटेवर बरेचसे अंतर विमानांच्या माऱ्याखाली, रात्री पायी तुडवले.

कोकणच्या संबंधासाठी झाशीच्या राणीच्या सासरच्या, म्हणजे नेवाळकरांच्या, लांज्याजवळच्या कोट गावाचा दाखला देण्याची पद्धत आहे; मला तो दुबळा वाटतो. खलाशांचा मान राखणाऱ्या किनाऱ्याला दुसरा दाखला लागू नये. पुतळ्याचा हट्ट मात्र नसावा. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांच्या स्मारकावर चेहरे नाहीत, खुंट्यांना टांगलेले १७ जणींचे गणवेश आणि कामाचे कपडे आहेत. आपल्याकडे अशा कपड्यांखाली नावेही कोरावीत आणि त्यासाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतली व घरोघरची कागदपत्रे तपासावीत.