आधी कोणती भट्टी बंद करायची?

अणुऊर्जेचा विषय निघाला की १९८६चे चेर्नोबिल आणि २०११चे फुकुशिमा ही नावे लगेच पुढे येतात. कोळशाबाबत असे एकही नाव कोणाला आठवत नाही. धुरातील सूक्ष्म कणांनी फुप्फुस किंवा हृदय निकामी होऊन जो माणूस जातो, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर वीजकेंद्राचा उल्लेख कधीच नसतो, म्हणून कोळशाचे बळी कोणाच्या खात्यावर मांडले जात नाहीत.

१००० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र वर्षाला ढोबळमानाने ३० लाख टन कोळसा जाळते, तर तेवढ्याच क्षमतेच्या अणुभट्टीला २५ ते ३० टन इंधन पुरते. करंगळीच्या पेराहून लहान अशा युरेनियमच्या एका गोळीतून सुमारे एक टन कोळशाइतकी ऊर्जा निघते. कचऱ्याचे प्रमाणही त्याच हिशेबाने पडते. वापरून झालेले अणुइंधन हजारो वर्षे घातक राहते हे खरेच, पण ते मोजून, कुलूपबंद ठेवले जाते. कोळशाच्या राखेतही युरेनियम आणि थोरियमचा अंश असतो, आणि ती राख मात्र उघड्या तळ्यांत साठते. (राखेला कोणी किरणोत्सर्गी म्हटले की लोक हसतात, हा माझा अनुभव आहे.)

तरीही अणुऊर्जेची भीती मला खुळी वाटत नाही. भट्टी बंद केली तरी इंधन लगेच थंड होत नाही. बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघतच असते आणि पाणी सतत फिरवत राहावे लागते. फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या, परंतु त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि पुढचा अनर्थ घडला.

म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे: नीट चालणारी अणुभट्टी कोळशाच्या आधी बंद करू नये. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा तिथली कोळशाची केंद्रे चालूच होती. हा क्रम मला आजही पटत नाही.

नव्या भट्टीचे गणित वेगळे आहे. फिनलंडमधील ओल्किलुओटो-३चे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले आणि नियमित वीज मिळायला २०२३ उजाडले. मधल्या अठरा वर्षांची वीज कुठून आणायची, याचे उत्तर अणुऊर्जेच्या समर्थकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीच, द्यायला हवे.